भुतांचा फराळ

लहान मुलाला भीति वाटते आणि त्या भीतींतच त्याला मौजही वाटते, हा अनुभव सर्व देशांतील घरांत सारखाच आहे. दिवेलागण झाल्यावर आजीच्या मांडीशीं बिलगून भुताची गोष्ट सांगण्याचा हट्ट धरणारें मूल जसें आपल्याकडे आहे, तसेंच तें आयर्लंडांत आहे, स्कॉटलंडांत आहे आणि अमेरिकेंतही आहे. त्या देशांनीं मात्र या मौजेसाठीं वर्षांतली एक रात्र राखून ठेविली आहे. ऑक्टोबरच्या ३१ तारखेची ही रात्र म्हणजे हॅलोवीन. त्या दिवशीं मुलें भुताखेतांचीं सोंगें घेतात, भोपळे कोरून त्यांत दिवे लावतात, आणि भुतांच्या, कोळ्यांच्या, चेटकिणींच्या आकाराचे खाद्यपदार्थ करून घरची मंडळी ते एकत्र बसून खातात.

आज या सणाचें नांव निघालें कीं रंगीबेरंगी गोळ्यांचीं पाकिटें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या सणाचा फराळ मूळचा बाजारांतला नव्हे. तो चुलीपाशीं, घरच्या माणसांच्या हातांनीं होणारा होता. तो कसा होता, घरांतून बाजारांत कसा गेला, आणि एका संध्याकाळपुरता तरी तो पुन्हां घरांत कसा आणतां येईल, हें या लेखांत आम्ही सांगणार आहों. ज्यांचे मुलगे-सुना अगर लेकी-जावई त्या देशांत संसार करीत आहेत, आणि ज्यांचीं नातवंडें दर वर्षीं ही रात्र साजरी करतात, अशा घरांस त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. इतरांस एका परक्या सणाची ओळख तरी घडेल.

या रात्रीचें मूळ

आयर्लंड व स्कॉटलंड येथील जुने केल्टिक लोक वर्षाचे दोन भाग मानीत. एक उजेडाचा आणि दुसरा अंधाराचा. पीक घरांत आलें, कुरणांत गेलेलीं गुरें गोठ्यांत परत आलीं, म्हणजे अंधाराचा भाग सुरू होई. त्या संधीच्या सणाला ते ‘साविन’ म्हणत. या रात्रीं इहलोक व परलोक यांमधला पडदा विरळ होतो आणि गेलेलीं माणसें आपल्या घरीं येऊन जातात, अशी त्यांची समजूत होती. पुढें ख्रिस्ती धर्मांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. संतदिनाच्या पूर्वसंध्येला इंग्रजींत जें नांव पडलें, त्याचाच अपभ्रंश म्हणजे हॅलोवीन. जुना सण आणि नवा धर्म यांची अशी गांठ पडली, तरी मूळची भावना तीच राहिली. थंडी दाराशीं आली आहे, अंधार वाढत आहे, तेव्हां घरांतील जिवंत माणसांनीं एकत्र जमावें आणि गेलेल्यांची आठवण ठेवावी. आयर्लंडांतील कित्येक घरांत त्या रात्रीं गेलेल्या माणसांसाठीं चुलीपाशीं जागा व थोडें अन्न ठेवण्याची चाल होती.

आमच्या वाचकांस एका गोष्टीचें विशेष कौतुक वाटेल. आयर्लंडांतील कॅथलिक घरांत संतदिनाच्या आदल्या दिवशीं मांस वर्ज्य असे. त्यामुळें त्या रात्रीचा पारंपरिक फराळ बटाटा, कोबी, लोणी, दूध, सफरचंदें आणि अक्रोड-हेझलनटांसारखीं कठीण कवचाचीं फळें यांवरच उभा राहिला. उकडलेल्या बटाट्यांचा लगदा करून त्यांत कोबी अगर केल नांवाची पालेभाजी घालावयाची, मध्यें खळगा करून त्यांत लोणी सोडावयाचें, आणि तो सर्वांनीं गरम गरम खावयाचा. याचें नांव ‘कोलकॅनन’. दुसरा पदार्थ ‘बार्मब्रॅक’ नांवाचा गोड पाव. यांत मनुका-बेदाणे असतात, आणि त्यांत कांहीं वस्तु लपविलेल्या असत. ज्याच्या वांट्यास अंगठी येईल त्याचें लग्न लवकर होणार. नाणें येईल तो श्रीमंत होणार. चिंधी येईल त्याला दारिद्र्य. वाटाणा येईल त्याचें लग्न यंदा तरी जमणार नाहीं. आयर्लंडांत विकत मिळणाऱ्या बार्मब्रॅकमध्यें अजूनही खेळण्यांतली अंगठी असते.

स्कॉटलंडांत राबाचें बोट लावलेले स्कोन नांवाचे पाव दोरीला टांगीत आणि मुलांनीं हात पाठीमागें ठेवून ते तोंडानें खावेत असा खेळ असे. राब गालांना, नाकाला, केसांना लागे, आणि मोठी माणसें पोट धरून हंसत. आयर्लंडांत हाच खेळ टांगलेल्या सफरचंदाचा. डॅनिएल मॅक्लीस या आयरिश चित्रकारानें १८३३ सालीं काढलेलें ‘स्नॅप-ॲपल नाइट’ हें चित्र याच खेळाचें आहे. त्यांत म्हातारीं माणसें, तरुण जोडपीं आणि लहान मुलें एकाच खोलींत दाटीवाटीनें जमून मौज करीत आहेत. स्कॉटलंडमधील मुलें सोंगें घेऊन घरोघर जात. पण तेथें नुसता हात पुढें करून भागत नसे. आधीं गाणें म्हणावें, कविता म्हणावी, कांहीं करून दाखवावें, मगच सफरचंद अगर मूठभर अक्रोड हातावर पडत. इंग्लंडांत मृतात्म्यांच्या दिवशीं गोरगरिबांना व मुलांना मसाल्याच्या लहान गोल पोळ्या वांटीत आणि त्यांनीं त्या घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करावी अशी अपेक्षा असे.

या सर्व पदार्थांत एक समान गुण दिसून येतो. त्यांत खाणें आणि खेळणें हीं वेगळीं नाहींत. पदार्थ सोपे, सामान हंगामाचें, आणि खाणाऱ्याला कांहीं तरी करावें लागतेंच. हॅलोवीनच्या फराळाचें हेंच खरें मर्म आहे.

घरांतून बाजारांत

१८४५ ते १८५२ या काळांत आयर्लंडांत बटाट्याचें पीक रोगानें बुडालें आणि भीषण दुष्काळ पडला. सुमारें दहा लाख माणसें मरण पावलीं व दहा लाखांहून अधिक माणसांनीं देश सोडला. त्यांतील पुष्कळशीं अमेरिकेस गेलीं, आणि जातांना त्यांनीं आपली ही रात्रही बरोबर नेली. मायदेशीं तीं सलगमाचा मोठा कांदा कोरून त्याचा कंदील करीत. अमेरिकेंत त्यांना तांबडा भोपळा मिळाला. तो तेथलाच, सलगमापेक्षां मोठा आणि कोरावयास कितीतरी मऊ. तेव्हांपासून भोपळा हाच या सणाचा चेहरा झाला.

पुढें १९३० नंतरच्या वर्षांत मुलांनीं घरोघर जाऊन ‘खाऊ द्या, नाहीं तर खोडी काढूं’ असें म्हणण्याची चाल अमेरिकेंत पसरली. दुसऱ्या महायुद्धांत साखरेवर नियंत्रण आल्यामुळें ती कांहीं काळ मंदावली; १९४७ सालीं नियंत्रण उठल्यावर ती दुप्पट जोरानें सुरू झाली. तरीही बरींच वर्षें दारांत येणाऱ्या मुलांना घरीं केलेले लाह्यांचे लाडू, बिस्किटें, सफरचंदें मिळत. मग १९६० ते १९८० या काळांत एक भयंकर अफवा देशभर फिरली. अनोळखी माणसें सफरचंदांत दाढीचें पातें खुपसतात, खाऊंत विष घालतात, असें जो तो सांगूं लागला. आयांनीं घरगुती खाऊ फेंकून देण्यास सुरुवात केली आणि कारखान्यांत बंद केलेलें पाकीट तेवढेंच विश्वासाचें ठरलें.

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट व जेराल्ड होरिउची यांनीं १९८५ सालीं या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५८ पासूनच्या वृत्तपत्रांतील बातम्या त्यांनीं तपासल्या. दारोदार मिळालेल्या खाऊमुळें अनोळखी माणसाच्या हातून एखादें मूल दगावलें अगर गंभीर जखमी झालें, असें एकही सिद्ध झालेलें उदाहरण त्यांना आढळलें नाहीं. खोट्या भुतांच्या रात्रीं लोक एका खोट्या भयाला खरोखरच भ्याले, आणि त्यांत शेजारणीच्या हातचा खाऊ कायमचा गेला!

दारांतली ही रीत आतां एकट्यादुकट्याच्या प्रयत्नानें परत यावयाची नाहीं. परक्या घरचें मूल आलें तर त्याच्या हातावर बंद पाकीटच ठेवावें. त्याच्या आईचा जीव त्यानें थाऱ्यावर राहतो. परंतु आपल्या घरच्या मेळाव्यास ही अडचण नाहीं. तेथें करणारे हात सर्वांच्या ओळखीचे आहेत. म्हणून घरच्या हातचा फराळ कोठें टिकावयाचा असेल तर तो कुटुंबाच्या पंगतींतच टिकेल.

फराळाचीं तत्त्वें

पहिलें तत्त्व असें, कीं पदार्थ मुलांना करतां आला पाहिजे. ज्या कोळ्याचे पाय मुलानें स्वतः चिकटविले, त्या कोळ्याला तें भीत नाहीं. उलट आपल्या हातानें घडविलेलें भय तें आनंदानें खाऊन टाकतें. मोठ्यांनीं सर्व तयार करून नुसतें ताट पुढें ठेवलें तर निम्मी मौज संपली असें समजावें.

दुसरें तत्त्व, चवीस प्राधान्य द्यावें. केवळ भयंकर दिसावें म्हणून बेचव पदार्थांवर रंग ओतणें हा अन्नाचा अपमान आहे. तिसरें, भट्टींत भाजावयाचे पदार्थ दोन पुरेत. बाकीचे नुसत्या मांडणीचे असावेत, म्हणजे घरांतील बाईमाणसांची सारी संध्याकाळ स्वयंपाकघरांत जात नाहीं. आणि चौथें, फार कलाकुसर करूं नये. कोणत्याही पदार्थाला दोन डोळे लावले कीं मुलांना त्यांत भूत दिसूं लागतें. डोळे किंचित् तिरपे बसले तर भूत अधिकच चांगलें दिसतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पुढील सर्व पदार्थ निरामिष असून त्यांत अंडेंही नाहीं.

चेटकिणीचीं बोटें

या फराळाचा हा मानकरी पदार्थ. याचें पीठ म्हणजे स्कॉटलंडचें जुनें ‘शॉर्टब्रेड’च, मैदा, लोणी व साखर यांचें प्रमाण वजनानें तीनास दोनास एक. १८० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम बिनमिठाचें लोणी आणि ६० ग्रॅम पिठीसाखर घ्यावी. लोणी व साखर एकत्र फेंसून त्यांत मैदा व चिमूटभर मीठ घालावें आणि हलक्या हातानें गोळा करावा. गोळा होत नसल्यास एखादा चमचा दूध घालावें. मळूं मात्र नये, मळल्यास बिस्किट चिवट होतें. गोळा अर्धा तास फ्रिजमध्यें ठेवून मग त्याचे २४ भाग करावेत.

प्रत्येक भागाची पेन्सिलीएवढी बारीक व बोटभर लांब वळी करावी. भाजतांना ती पसरते. म्हणून आरंभींच जाड वळली तर चेटकिणीऐवजीं पहिलवानाचीं बोटें होतात. वळी दोन ठिकाणीं चिमटीनें किंचित् दाबावी, म्हणजे मधलें पेर फुगीर दिसतें. पेरावर सुरीच्या बोथट बाजूनें तीन-तीन रेघा ओढाव्यात. टोंकाला एक सोललेला बदाम नखासारखा दाबून बसवावा. बोटें पुन्हां पंधरा-वीस मिनिटें थंड करावीत व १६० अंश सेल्सिअसवर १८ ते २२ मिनिटें, कडा जेमतेम तांबूस होईपर्यंत भाजावीत. पूर्ण निवाल्यावर नख अलगद उचलून खालीं थोडा लाल जॅम लावावा व नख पुन्हां दाबावें. जॅम कडेनें बाहेर आला म्हणजे बोट तयार झालें. वळ्या करणें, रेघा ओढणें आणि नखें लावणें हीं तिन्ही कामें मुलांचीं.

पनीरच्या ममी

ईजिप्तमधील पट्ट्यांनीं गुंडाळलेलीं प्रेतें म्हणजे ममी. अमेरिकेंत हा पदार्थ सॉसेजचा करतात; निरामिष घरांत पनीर उत्तम. पनीरचे बोटभर लांब तुकडे करून फडक्यानें कोरडे टिपावेत. ओलसर राहिल्यास वरचें पीठ गिच्च होतें. त्यांना मीठ, मिरपूड व आवडीप्रमाणें तिखट लावावें. विकतच्या पफ पेस्ट्रीच्या पानाच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्या पनीरभोंवतीं वेड्यावांकड्या गुंडाळाव्यात. चेहऱ्यापुरती फट मात्र ठेवावी. वरून दुधाचा हात फिरवून २०० अंशांवर १५ ते २० मिनिटें भाजावें. बाहेर काढल्यावर फटींत चक्क्याचे दोन ठिपके देऊन प्रत्येकावर एक कलौंजीचा दाणा ठेवावा. पट्ट्या जितक्या अव्यवस्थित तितकी ममी जुनी वाटते, त्यामुळें हें काम चार वर्षांच्या मुलासही निर्धास्तपणें सोंपवावें.

कोळ्याचें जाळें

ज्याला तिकडे ‘ब्लॅक बीन’ म्हणतात तो काळा राजमा शिजवून दोन वाट्या घ्यावा. त्यांत लसणाची एक पाकळी, एका लिंबाचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ व चमचाभर तेल घालून मऊ वाटावा आणि पसरट गोल थाळींत सारखा पसरावा. चक्का थोड्या दुधांत सैल करून कागदाच्या कोनांत भरावा व वाटणावर एकांत एक अशीं चार वर्तुळें काढावींत. मग दांतकोरणीनें मध्यापासून कडेपर्यंत आठ रेघा ओढाव्यात. प्रत्येक रेघेबरोबर पांढरें वर्तुळ बाहेर खेंचलें जातें आणि पाहतां पाहतां जाळें उमटतें. रांगोळीचा हात असलेल्या आजीबाईंना हें एकदां दाखविलें तर सांगावें लागणार नाहीं. काळ्या ऑलिव्हच्या अर्ध्या फोडीचें कोळ्याचें अंग व उरलेल्या अर्ध्याच्या चिरांचे आठ पाय करावेत. सोबत गाजराच्या व काकडीच्या फोडी द्याव्यात.

मांडणीचे चार पदार्थ

केळ्याचीं भुतें: केळें सोलून आडवें दोन तुकडे करावेत, कापलेली बाजू खालीं ठेवून उभे करावेत आणि लिंबाचा रस चोळावा, म्हणजे तें काळें पडत नाहीं. चॉकलेटच्या दोन बारीक कणांचे डोळे व एका मोठ्या कणाचें उघडें तोंड करावें.

संत्र्याचे भोपळे: लहान संत्रें अखंड सोलावें, पांढऱ्या शिरा काढाव्यात आणि मध्यें सेलरीच्या अगर काकडीच्या हिरव्या सालीचा देंठ खोंचावा. बस्स, भोपळा झाला. सर्व फराळांत याहून सोपें कांहीं नाहीं.

राक्षसाचे जबडे: सफरचंदाच्या चार फोडी करून प्रत्येकीच्या सालीच्या बाजूनें एक पाचर कापून काढावी, तो झाला जबडा. फोडी लिंबाच्या पाण्यांतून काढून आंतून शेंगदाण्याचें लोणी लावावें व सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांचे दांत बसवावेत. दांत एकाआड एक पडके ठेवले तर दुधाचे दांत पडलेल्या नातवंडांस तो राक्षस आपल्यांतलाच वाटतो.

चेटकिणीचे झाडू: चीजच्या कांडीचा दोन बोटें लांब तुकडा घ्यावा व एका टोंकाकडून त्याच्या बारीक झिरमिळ्या सोडाव्यात. दुसऱ्या टोंकांत प्रेट्झेल नांवाची खारी काडी खोंचून वर पातीच्या हिरव्या धाग्यानें बांधावें. काडी आयत्या वेळीं खोंचावी, नाहीं तर ती ओलसर होऊन वांकते.

भोपळ्याच्या बिया आणि गरम पेय

कंदिलासाठीं कोरावयाच्या मोठ्या भोपळ्याचा गर पाणचट असतो. खाण्यासाठीं लहान गोड जातीचा भोपळाच घ्यावा. परंतु मोठ्या भोपळ्याच्या बिया मात्र टाकूं नयेत. त्या धुऊन, तंतु काढून चांगल्या सुकवाव्यात. वाटीभर बियांना एक लहान चमचा तेल व पाव चमचा मीठ चोळून १६० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटें, मधून एकदां हालवून, भाजाव्यात. कोरण्याचें काम आजोबा व मोठीं मुलें करीत असतां बियांचा वास घरभर सुटतो, आणि कंदील पुरा होण्याआधींच त्या संपतात!

पेय म्हणून सफरचंदाचा रस दालचिनी व चार लवंगा घालून मंद आंचेवर गरम करावा. अमेरिकेंत ‘सायडर’ या नांवानें न गाळलेला ताजा रस मिळतो तो यास उत्तम. पण इंग्लंड-आयर्लंडांत त्याच नांवाचें पेय मद्य असतें, हें ध्यानांत ठेवावें.

कामांची वांटणी

एकत्र कुटुंबाचें खरें बळ अशा वेळीं दिसून येतें. बोटांचें पीठ व राजम्याचें वाटण आदल्या दिवशीं एखाद्या काकूनें अगर आत्यानें करून ठेवावें. सुरी व भट्टी मोठ्यांकडे असावी. आठ-दहा वर्षांच्या मुलांनीं वळ्या, पट्ट्या व जाळें करावें. त्याहून लहानांनीं डोळे लावावेत, देंठ खोंचावेत, संत्रीं सोलावींत. आजी-आजोबांना नुसतें पाहुण्यासारखें बसवूं नये. त्यांच्याकडे गोष्ट सांगण्याचें काम द्यावें, कारण त्या कामांत त्यांची बरोबरी करणारें घरांत दुसरें कोणी नसतें.

ताटें मांडून झालीं कीं विजेचे दिवे मालवावेत, कोरलेले भोपळे लावावेत, आणि स्कॉटलंडची ती जुनी रीत चालू करावी. प्रत्येक मुलानें कांहीं म्हणून अगर करून दाखवावें, मगच पहिलें बोट उचलावें. फुकट हात पसरण्यापेक्षां कांहीं देऊन घेतलेला खाऊ अधिक गोड लागतो, हें मुलांस सांगावें लागत नाहीं. त्यांना तें आपोआप कळतें.

सावधगिरीच्या गोष्टी

विषाची भीति खोटी ठरली तरी कांहीं भीति खऱ्या आहेत. चार वर्षांखालील मुलांना अख्खे बदाम, कठीण गोळ्या व मक्याच्या लाह्या देऊं नयेत. द्राक्षें द्यावयाचीं तर उभीं चिरून चार तुकडे करून द्यावींत, कारण असे पदार्थ घशांत अडकून श्वास कोंडूं शकतो. अशा मुलांच्या बोटांना बदामाऐवजीं जॅमचेंच नख काढावें. पाहुण्या मुलांपैकीं कोणास शेंगदाणा, बदाम, तीळ अगर दूध सोसत नाहीं काय, हें आधींच विचारावें. अमेरिकेंत २०१४ पासून ज्या घरीं खाऊऐवजीं खेळणें मिळतें त्या दाराशीं निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवण्याची चांगली प्रथा पसरली आहे.

धुराचा देखावा करण्यासाठीं पेयांत कोरडा बर्फ टाकण्याची टूम निघाली आहे. त्याचें तापमान शून्याखालीं ७८ अंश असतें. त्याचा खडा गिळला गेल्यास आंतून इजा होते. मुलांच्या पेल्यांत तो कदापि नसावा. काळ्या रंगासाठीं औषधी कोळशाची पूड वापरणेंही बरें नव्हे, कारण ती चालू असलेल्या औषधांचा गुण शोषून घेते. कोको अगर काळे तीळ त्यापेक्षां शतपटींनीं चांगले. सफरचंदाचा खेळ एकाच घंगाळांत सर्वांनीं तोंडें बुडवून खेळण्यापेक्षां प्रत्येकासाठीं निराळें सफरचंद टांगून खेळावा. आणि सोंगांचे घोळदार कपडे घातलेलीं मुलें जेथें धावणार तेथें भोपळ्यांत मेणबत्तीऐवजीं विजेरीचा लहान दिवा ठेवावा.

परदेशांतील मराठी घरें

अमेरिकेंतील मराठी घरांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या सणाच्या विकतच्या खाऊंत जिलेटिन फार असतें. मार्शमॅलोचीं भुतें, रबरासारखे लवचिक किडे, कित्येकदां कँडी कॉर्नच्या गोळ्या, यांत तें आढळतें, आणि तें जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून काढतात. लाल रंगासाठीं वापरलें जाणारें कार्माइन किड्यांपासून होतें. ज्यांना हें चालत नाहीं त्यांनीं पाकिटावरील यादी वाचावी. पेक्टिन अगर आगर यांवर केलेला खाऊ निरामिष असतो. मात्र मुलाच्या हातांतलें पाकीट सर्वांदेखत हिसकावून घेऊं नये. घरीं त्याच्याच हातानें केलेलीं बोटें व ममी तयार असल्या तर अदलाबदल करण्यास तें आपण होऊन राजी होतें. नकारापेक्षां पर्याय बरा, हा गृहस्थाश्रमाचा जुना नियम येथेंही लागू पडतो.

कित्येक वेळां हा सण आणि दिवाळी हातांत हात घालून येतात. २०२४ सालीं महाराष्ट्रांतील पंचांगांप्रमाणें नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पहांटे अभ्यंगस्नान करून पायाच्या अंगठ्यानें कारीट चिरडावयाचें आणि त्याच संध्याकाळीं भोपळ्याचा राक्षस उजळावयाचा, असा योग त्या दिवशीं जुळला. दोन्ही सण एक नव्हेत, आणि एक आहेत असें म्हणण्याची गरजही नाहीं. नरकासुराच्या वधाची कथा निराळी. परलोकाच्या विरळ पडद्याची निराळी. परंतु भयाला लहानशा फळाचें रूप देऊन मुलाच्या हातांपायांच्या कक्षेंत आणावयाचें, ही युक्ति दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांस सुचली, एवढें मात्र खरें. चकली-करंज्यांच्या ताटाशेजारीं एक ताट चेटकिणीच्या बोटांचें ठेवलें तर करंजीचा मान कमी होत नाहीं. उलट, ज्या आजीनें बोटांना रेघा ओढूं लागली तिच्याकडून करंजीला मुरड घालावयास शिकण्यास नातवंड अधिक उत्सुक होतें.

खऱ्या आयुष्यांतील भयें मुलांच्या वांट्यास पुढें येणारच आहेत, आणि त्यांना डोळे लावून तीं खाऊन टाकतां येणार नाहींत. तोंपर्यंत वर्षांतून एक संध्याकाळ तरी अंधार बाहेर असावा, आंत दिवा असावा, आणि भोंवतीं आपलीं माणसें असावींत. एवढा अनुभव पदरीं असलेलें मूल पुढच्या अंधारांत एकटें पडत नाहीं. त्यासाठीं लागणारें साहित्य थोडें आहे: वाटीभर मैदा, दोन केळीं, चार संत्रीं आणि घरच्या मंडळींचा एक मोकळा तास.